ऐरण आणि पुस्तक

इ. स. १८५४ मध्ये सरकारने पुण्यात एक शाळा काढली. तिचे नाव चांगले लांबलचक होते : 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल'. या शाळेचे पुढे कॉलेज झाले, कॉलेजचे नाव दोनतीनदा बदलले, १९११ साली ते 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' झाले आणि २०२२ साली तर ते स्वतःच एक विद्यापीठ होऊन बसले. पण या साऱ्या नावांत मला पहिल्या नावाचेच अगत्य अधिक. त्यात 'मेकॅनिकल' हा शब्द आहे. शब्द पाटीवर १८५४ पासून, आणि त्या विषयाची मुंबई विद्यापीठाची पदवी यायला उजाडले १९१२ साल! मधली अठ्ठावन्न वर्षे हा शब्द करीत काय होता, हा प्रश्न गेली तीन वर्षे माझ्या डोक्यात घर करून बसला आहे.

वाचक विचारतील, तुमचा आणि या विषयाचा संबंध काय? रास्त आहे. मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. अधूनमधून कादंबऱ्या लिहितो, आणि त्यांतल्याच एका कादंबरीने मला या भानगडीत पाडले. तिचा नायक १९१२ साली सातारा जिल्ह्यातून पुण्यास मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला जातो. जातो, इथवर ठीक. पण तेथे सकाळी उठून हा मुलगा करतो काय, शिकतो काय, त्याच्या हातात काय असते, पट्टी की हातोडा? हे कळल्याखेरीज मला पुढले पान लिहिता येईना. म्हणून वाचायला बसलो. कादंबरी अद्याप तिसऱ्याच प्रकरणात आहे. वाचन मात्र पुण्याहून निघून ग्लासगो, तोकियो, मॉस्को आणि बॉस्टन करून परत आले.

प्रथम पुणे. १८५४ चा तो काळ डोळ्यांपुढे आणा. आदल्याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली होती. १८५४ सालीच कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. म्हणजे यंत्र दारात येऊन उभे राहिले होते. पण ते आले पेटाऱ्यात भरून, लँकेशायरहून. आणि त्याच्याबरोबर ते जोडणारा, चालवणारा, बिघडले तर दुरुस्त करणारा माणूसही तिकडूनच आला. येथे यंत्रशास्त्राच्या पदवीधराची कोणाला गरज होती? सरकारला हवे होते ते पूल, पाट, रस्ते, धरणे आणि कचेऱ्या बांधताना साहेबाच्या हाताखाली राबणारे लोक. पुण्याची शाळा निघाली ती सार्वजनिक बांधकाम खात्याला अशी दुय्यम माणसे पुरवण्यासाठी. वरच्या जागांसाठी तर १८७१ साली इंग्लंडातच, कूपर्स हिल येथे, एक निराळे कॉलेज काढण्यात आले. ते १९०६ पर्यंत चालले. हिंदुस्थानचे पूल बांधणारा माणूस टेम्सच्या काठी तयार करायचा, अशी ती योजना!

पुण्याच्या कॉलेजला मुंबई विद्यापीठाने जी पदवी दिली ती एल. सी. ई., म्हणजे लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग. १८८३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथूनच ती घेऊन बाहेर पडले आणि दुसऱ्या वर्षी बांधकाम खात्यात नाशकास रुजू झाले. त्या वेळचे प्राचार्य थिओडोर कुक हे मोठे विद्वान. पण त्यांचे नाव आज टिकून आहे ते मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर त्यांनी लिहिलेल्या ग्रंथामुळे. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राचार्यांचे चिरंतन काम झाडापानांवरचे असावे, याची मला आधी गंमत वाटली. मग ध्यानात आले की त्या काळी या कॉलेजात जंगलखात्याचे आणि शेतीचेही वर्ग होते. सरकारला जे जे लागे ते ते एका छपराखाली शिकवले जाई. कॉलेजला जोडून वर्कशॉपही होते. सुतारकाम, लोहारकाम, यंत्रावरचे काम तेथे चाले. 'मेकॅनिकल' हा शब्द जिवंत होता तो एवढ्या पडवीत. पदवी दिवाणखान्यात, आणि भाता, ऐरण व लेथ पडवीत.

आणि तरीही हिंदी माणसाला यंत्र कळत नव्हते असे नाही. अर्देशीर खरसेटजी वाडिया हे नाव अलीकडे कोणी घेत नाही. मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्यातला हा माणूस. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो करून घेतले. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे ते मुख्य इंजिनिअर होते. त्यांनी स्वतःच्या घरी गॅसचे दिवे लावले, वाफेची बोट बांधली. विद्यापीठ? मुंबईचे विद्यापीठच मुळी १८५७ सालचे. वाडिया शिकले ते गोदीत.

आता येथे एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि आपल्याकडे पुष्कळांनी तो काढलाही आहे : इंग्रजांनी आपल्याला यंत्रविद्या मुद्दाम शिकू दिली नाही. मला हे सारे पटत नाही. कारण त्यांच्या घरीही या विद्येला विद्यापीठाचा उंबरा ओलांडताना ठेच लागली होती. १८४० साली ग्लासगोच्या विद्यापीठात राणी व्हिक्टोरियाने इंजिनिअरिंगचे अध्यासन स्थापन केले. १८५५ मध्ये त्या जागी विल्यम रँकिन आले. आज मेकॅनिकलच्या कोणत्याही विद्यार्थ्याला रँकिन हे नाव विचारा. तो कपाळाला हात लावील. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते, ती टर्बाइन फिरवते, थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि पंपाने परत बॉयलरमध्ये जाते, या फेऱ्याला 'रँकिन सायकल' म्हणतात आणि त्यावरचे गणित परीक्षेत हटकून येते. कोळशावर चालणारी आपली वीजकेंद्रे या फेऱ्यावरच चालतात. त्या रँकिन यांना १८५६ साली एक संपूर्ण व्याख्यान द्यावे लागले ते सिद्धांत आणि व्यवहार यांचे यंत्रशास्त्रात वैर नाही, हे पटवण्यासाठी. वैर आहे असे लोक मानत होते, म्हणूनच ना?

केंब्रिजची हकीकत तर अधिक बोलकी आहे. १८७५ साली जेम्स स्टुअर्ट तेथे यंत्रशास्त्राचे प्राध्यापक झाले. या गृहस्थाने काय करावे? विद्यापीठात वर्कशॉप काढले. विद्यार्थ्यांना लेथवर उभे केले. त्यासाठी स्वतःच्या खिशातले पैसेही घातले. त्या वर्कशॉपवरून विद्यापीठात मोठा वाद माजला. ग्रीक आणि गणित शिकवणाऱ्या मंडळींना या कानशीच्या खरखरीचा विटाळ झाला असावा. स्टुअर्ट राजकारणातही होते, पार्लमेंटात निवडून गेले होते. रागाला तेही एक कारण. अखेर त्यांनी जागा सोडली. १८९० साली तेथे आल्फ्रेड युइंग आले, त्यांनी गोडीगुलाबीने काम केले आणि १८९२ मध्ये केंब्रिजने यंत्रशास्त्राची स्वतंत्र पदवी परीक्षा मंजूर केली. पुण्याच्या आधी फक्त वीस वर्षे. हा आकडा पाहिला तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

युइंग केंब्रिजला येण्यापूर्वी कोठे होते, हे पाहू गेलो आणि जपानात जाऊन पोचलो. १८७८ पासून पाच वर्षे ते तोकियोत शिकवीत होते. तोकियोचे इंजिनिअरिंग कॉलेज उभारले ते हेन्री डायर या स्कॉटिश तरुणाने. डायर रँकिन यांचा विद्यार्थी. १८७३ साली जपानला गेला तेव्हा पंचविशीत होता. त्याने आखलेला अभ्यासक्रम सहा वर्षांचा होता. पहिली दोन वर्षे कॉलेजात. मधली दोन वर्षे अर्धी कॉलेजात, अर्धी प्रत्यक्ष कामावर. शेवटची दोन वर्षे संपूर्णपणे कामावर. स्कॉटलंडात जे त्याला सहज करता आले नसते ते त्याने जपानात केले, कारण जपानी सरकारने त्याला करू दिले. त्यांना साहेबाच्या हाताखालचा माणूस नको होता. साहेब गेल्यावर त्याच्या जागी उभा राहील असा माणूस हवा होता. एकच बेट, एकच विद्या, एकच दशक, आणि पुण्यात व तोकियोत एवढा फरक. इंग्रजांच्या हेतूविषयी मला जे काय म्हणायचे आहे ते एवढ्यात आले.

यानंतरचा मुक्काम मॉस्को. हे ऐकून मला स्वतःलाच नवल वाटले होते. मेकॅनिकलच काय, कोणत्याही शाखेचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी पहिल्या वर्षी वर्कशॉपात जातो. तेथे त्याला एक लोखंडी पट्टी देतात आणि ती कानशीने घासून काटकोनात आणायला सांगतात. मग दुसऱ्या पट्टीत खाच पाडून पहिली तीत बसवायची. सुतारशाळेत दोन लाकडांचा सांधा करायचा. भट्टीत गोल गज तापवून चौकोनी करायचा. याला 'जॉब' म्हणतात. या जॉबचा जगात काही उपयोग नसतो. तो कोणत्याही यंत्रात बसत नाही. तपासून झाला की कपाटात जातो नाही तर भंगारात. मग हा खटाटोप कशासाठी?

याचे उत्तर १८६८ च्या सुमारास मॉस्कोच्या तांत्रिक शाळेत व्हिक्टर डेला-व्होस या संचालकाने दिले. तोपर्यंत कारागिरी शिकायची म्हणजे उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राहायचे, चहापाणी करायचे, भाता ओढायचा आणि पाहता पाहता शिकायचे. डेला-व्होस यांनी प्रत्येक कारागिरीचे तिच्या मूळ कृतींत विघटन केले. संगीतात आधी सरगम घोटून घेतात, तसे. कानस धरणे, कापणे, भोक पाडणे, जोडणे; सोप्याकडून अवघडाकडे; सर्वांना एकच काम, आणि तेही समोरच्या रेखाचित्रावरून. खुर्ची करायची नाही, खुर्चीतला सांधा करायचा. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात या शाळेतले नमुने मांडले होते. ते बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे अध्यक्ष जॉन रंकल यांनी पाहिले आणि परत जाऊन त्याच धर्तीवर आपल्या संस्थेत वर्कशॉप काढले. तेथून ही पद्धत जगभर गेली. आपल्याकडच्या मुलाने सहामाहीत घासलेली ती पट्टी मॉस्कोच्या त्या नमुन्यांच्याच वंशातली.

बॉस्टनच्या त्या संस्थेची मुद्रा एकदा अवश्य पाहावी. मी चित्रकलेचा मास्तर, म्हणून माझे लक्ष आधी तिकडे गेले. मधल्या चौथऱ्याच्या दोन बाजूंना दोन पुरुष उभे आहेत. एकाच्या हाती पुस्तक. दुसऱ्यापाशी ऐरण आणि हातोडा. खाली लॅटिनमध्ये दोन शब्द : मन आणि हात. दोघेही सारख्याच उंचीचे काढले आहेत. १८६४ साली हे चित्र मुक्रर झाले. आपल्याकडे कोणत्या शिक्षणसंस्थेच्या मुद्रेवर लोहार आहे? दिवा आहे, कमळ आहे, वीणा आहे, हंस आहे.

आमच्या गावात एक लोहार आहे. एस. टी. स्टँडच्या मागे त्यांचे दुकान आहे. आता विळे-खुरपी थोडी, ट्रॉलीचे वेल्डिंग अधिक. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. हात विलक्षण सरळ. पट्टीशिवाय रेघ मारावी तर त्यानेच. तो मेकॅनिकलला गेला. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत तो आपला जॉब घेऊन घरी आला, तेव्हा मी दुकानात कोयत्याला मूठ बसवून घ्यायला गेलो होतो. वडिलांनी तो जॉब हातात घेतला, डोळ्यापाशी नेऊन उजेडावर धरला, फटीतून उजेड येतो का ते पाहिले आणि म्हणाले, "बसलंय. पण कानस एकाच अंगानं मारलीस." पोरगा हसला. म्हणाला, "आबा, वर्गात सगळ्यात चांगला माझाच हाये. पण ह्याला मार्क किती थोडे! मला गणितानं खाल्लंय."

मग आबांनी त्याला विचारले, ते मी विसरत नाही. "पोलाद लालबुंद झालं की पाणी द्यायचं, हे मला कळतंय. कमी लाल असताना दिलं तर धार धरत नाही. नुसतं पाणी देऊन ठेवलं तर काचेवाणी तुटतं, परत जरा शेकावं लागतं. हे कशानं होतं, ते हाये का रं तुझ्या पुस्तकात?" मुलगा म्हणाला, "हाये की." आणि वेल्डिंगच्या बिलाच्या पाठीवर त्याने लोखंड-कार्बनचा आलेख काढला. आडवी रेघ कार्बनची, उभी उष्णतेची. ७२७ अंशांवर एक रेघ. या रेघेच्या वर गेले की लोखंडाच्या कणांची मांडणीच बदलते, कार्बन आत सामावतो. एकदम पाण्यात बुडवले की त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो आतच कोंडतो, आणि त्याने पोलाद कठीण होते पण ठिसूळही होते. मग पुन्हा सौम्य शेकले, पृष्ठभागावर गवती पिवळा नाही तर निळा रंग आला, की ठिसूळपणा कमी होतो. आबा एकाग्र होऊन ऐकत होते. मधेच म्हणाले, "पिवळा छिन्नीला नको, निळ्याच्या जवळ जाऊ दे." पुस्तकातही जवळजवळ तेच आहे. मुलाला फक्त एक अडचण होती : त्याला सांडशीचे इंग्रजी नाव ठाऊक होते, आलेखातल्या शब्दांचे मराठी नाव ठाऊक नव्हते. तो खाणाखुणांनी सांगत होता.

त्या बापलेकांकडे पाहताना मला आपल्या अठ्ठावन्न वर्षांचे दुसरे कारण दिसले. ऐरण एका घरात होती आणि पुस्तक दुसऱ्या घरात. दोन्ही घरे एकाच गावात, पण मधे गावकुसाएवढी जाड भिंत. गावगाड्यात लोहार-सुतार हे बलुतेदार. वर्षाकाठी धान्य घेऊन नांगर शेवटणारे. आणि विद्यापीठात गेली ती मुले बहुतेक लेखणीवर जगणाऱ्या घरांतली. त्यांना सिव्हिलची पदवी मानवली, कारण तीत आज ना उद्या टेबल, कोट आणि टांगा होता. हातोड्याच्या पदवीसाठी आपण सरकारकडे काही फार मोठा हट्ट धरला होता असे मला दिसत नाही. अपवाद होते. पुण्याचेच केशव मल्हार भट १८८२ साली बॉस्टनच्या त्या संस्थेत जाऊन दाखल झाले. तेथे पाऊल टाकणारे ते पहिले हिंदी विद्यार्थी. टिळकांच्या मंडळींच्या 'मराठा' पत्राने १८८४ सालीच त्या संस्थेची वाखाणणी केली होती. पण वाखाणणी निराळी आणि शर्टाच्या बाह्या वर सारणे निराळे.

बाह्या वर सारल्या त्या एका ड्रॉईंगमास्तराने. हे लिहिताना मला थोडा जातिवंत अभिमान वाटतो, तो वाचकांनी पदरात घ्यावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ते चित्रकार व्हायला गेले आणि त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक कळत नाही असे आढळले. रंग सुटला, रेघ राहिली. यंत्रांची रेखाचित्रे काढायला ते शिकले आणि १८८७ साली मुंबईत निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. यंत्राचे रेखाचित्र म्हणजे काय, हे ज्यांनी काढले नसेल त्यांना सांगतो. एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूने अशी तीनदा काढायची. तिन्ही चित्रे रेघेला रेघ जुळली पाहिजेत. आणि ती पाहून, वस्तू कधी न पाहिलेल्या माणसाला ती हुबेहूब घडवता आली पाहिजे. फ्रान्समध्ये गास्पार माँझ याने हे शास्त्र प्रथम नीट बांधले तेव्हा लष्कराने ते कित्येक वर्षे गुपित ठेवले होते. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला मनाने वस्तू फिरवायला शिकवणारा हा विषय आहे, आणि माझ्या मते त्या साऱ्या अभ्यासक्रमाचा कणा आहे. लक्ष्मणराव हा विषय शिकवीत, आणि रिकाम्या वेळी संस्थेच्या वर्कशॉपात यंत्रांशी खटपट करीत. पदवी नव्हती. बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

पुढचे महाराष्ट्राला पाठ आहे. सायकलींचे दुकान, कडबा कापायचे यंत्र, १९०३ चा लोखंडी नांगर, आणि लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे तो घ्यायला दोन वर्षे पुढे न आलेले शेतकरी. १९१० साली औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. मला सांगायचे आहे ते निराळे. या बिनपदवीच्या माणसाने आपल्या मुलाला, शंतनुरावांना, १९२२ साली मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला पाठवले ते पुण्याला नव्हे, बॉस्टनपलीकडच्या केंब्रिजला; त्याच, लोहाराच्या मुद्रेच्या संस्थेत. तोवर पुण्याला पदवी सुरू होऊन दहा वर्षे झाली होती. तरी नाही पाठवले. लक्ष्मणरावांनी स्वतःची यंत्रविद्या बरीचशी अमेरिकन मासिके आणि कॅटलॉग वाचून कमावली होती, त्याचा हा परिणाम असेल. पण मला वाटते, ज्या विद्येत आपण वर्षानुवर्षे पडवीत उभे होतो, ती जेथे दिवाणखान्यात बसवली आहे तेथे मुलाने शिकावे, असेही त्यांच्या मनात असेल. शंतनुराव १९२६ साली पदवी घेऊन परत आले ते तडक कारखान्यात. शेतकऱ्याच्या विहिरीवर पुढे जे डिझेल इंजिन धडधडू लागले, त्याचा १९४६ साली पुण्याला निघालेला कारखाना त्यांचाच.

स्वातंत्र्यानंतरची कथा मी धावती सांगतो, कारण तीत मला आकड्यांपलीकडे फारसा रस वाटत नाही. १९५८ साली मुंबईत आय. आय. टी. निघाली ती रशियाच्या मदतीने, आणि कानपूरची आय. आय. टी. उभारायला बॉस्टनच्या संस्थेसह काही अमेरिकन विद्यापीठांची मंडळी आली. मॉस्को आणि बॉस्टन, दोघेही अखेर आपल्या दारी आले. १९८३ साली वसंतदादा पाटलांनी, जे स्वतः शाळेच्या फार वरच्या यत्तांत गेले नव्हते, खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांना मुभा दिली आणि जिल्ह्या-जिल्ह्यांत कॉलेजे झाली. त्यांतल्या देणग्यांविषयी काय बोलायचे ते लोक बोलले आहेत. मी एवढेच म्हणेन की आमच्या आबांचा मुलगा मेकॅनिकलला गेला तो त्या उघडलेल्या दारातून. गेल्या काही वर्षांत अशा अनेक कॉलेजांत मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. पालकांचा ओढा कॉम्प्युटरकडे. दरवर्षी जूनमध्ये दोनचार पालक माझ्याकडे सल्ला विचारायला येतात. मॅट्रिक झालेल्या मास्तराला का विचारतात, कोण जाणे. मी त्यांना म्हणतो, पोराने घरातला पंखा कधी उघडून पाहिला आहे का ते आधी सांगा.

आणि पोरीने? हा प्रश्न माझ्या घरातूनच आला, कारण माझ्या कादंबरीत मेकॅनिकलला जाणारी मुलगी नाही. १९१२ साली ती असणे शक्यही नव्हते. ती आली १९४७ साली, कलकत्त्याजवळ शिवपूरच्या बेंगॉल इंजिनिअरिंग कॉलेजात. इला घोष तिचे नाव. लग्नानंतरच्या इला मजुमदार. सांगतात की सिव्हिलला उन्हातान्हात फिरण्याचे कष्ट, म्हणून प्राचार्यांनी तिला ती शाखा घेऊ दिली नाही. तेव्हा तिने मेकॅनिकल घेतले. भट्टी आणि ऐरण तिला झेपेल की नाही, हा विचार त्या वेळी कोणाच्या मनात आला नसावा, किंवा आला असला तर तिने तो टिकू दिला नसावा. १९५१ साली ती पदवीधर झाली. हिंदुस्थानातली पहिली स्त्री मेकॅनिकल इंजिनिअर. पुढच्या उमेदवारीसाठी तिला पाठवले ते ग्लासगोला, बार अँड स्ट्राउड या दुर्बिणी आणि अंतरमापके करणाऱ्या कारखान्यात. हा कारखाना ज्यांनी काढला त्या दोन प्राध्यापकांपैकी आर्चिबाल्ड बार हे ग्लासगो विद्यापीठात रँकिन यांच्याच अध्यासनावर बसलेले गृहस्थ. तेथून परतल्यावर इलाबाई डेहराडूनच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत रुजू झाल्या. मग त्या शिकवू लागल्या, कलकत्त्यात मुलींचे पॉलिटेक्निक निघाले त्याच्या प्राचार्य झाल्या, आणि १९८५ साली ढाक्याला मुलींसाठी तसेच पॉलिटेक्निक उभारण्याचे काम युनेस्कोने त्यांच्याकडे सोपवले.